पंख्यांच्या घराला चोवीस खिडक्या

नागपूरला परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "मुंबईत काय काय पाहिलं?" समुद्र पाहिला नाही म्हटलं की त्याचं तोंड पडतं. पण खरंच नाही पाहिला. तेरा दिवस मुंबईत होते, तेही उपनगरांत, आणि त्यातले बहुतेक दिवस मी एकच कोपरा पाहत होते. घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी, एका चाळीसमोरचा, चिंचेचं झाड असलेला मोकळा कोपरा. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी काम काय होतं ते सांगते. घाटकोपर आणि अंधेरी यांना जमिनीखालून जोडणारी रेल्वे काढावी, असा एक विचार चाललाय. भुयारातली हवा गाड्यांनी तापते, कोंदते. ती बाहेर ओढायला आणि ताजी आत ढकलायला ठरावीक अंतरावर मोठे पंखे लागतात आणि त्या पंख्यांना घर लागतं. चांगलं तीन मजली उंच घर. ते येतं नेमकं वस्तीच्या मध्ये, कारण भुयार कुठून जाईल हे वर राहणाऱ्यांना विचारून कोणी ठरवत नाही. आमच्या ऑफिसकडे त्या घराच्या फक्त बाहेरच्या अंगाचं काम आलं होतं. पंखे इंजिनिअरांचे, भिंती आमच्या. पत्रात एक वाक्य होतं, 'इमारत परिसराशी सुसंगत असावी.' साहेब म्हणाले, "नागपूरच्या माणसाला कूलरमुळे हवेची अक्कल असते, तुम्हीच जा." मी वीस वर्षं नकाशे काढतेय, पण माझ्या अकलेचा उल्लेख त्या दिवशी पहिल्यांदा झाला.

घाटकोपर

माझी उतरायची सोय मुलुंडच्या एका विश्रामगृहात होती. मला फिरवायला मुंबई ऑफिसातले कांबळे म्हणून सर्व्हेअर दिले होते. मूळचे परभणीकडचे, जन्म मात्र मुलुंडचा. बोलणं झपाझप, चालणं त्याहून झपाझप. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, इथे रस्त्यात थांबून विचार करायचा नाही. बाजूला होऊन करायचा."

एप्रिल संपत आला होता. आमच्या उन्हापुढे मुंबईचं ऊन म्हणजे काहीच नाही, असं मी ऐटीत म्हणाले आणि अर्ध्या तासात माझं लुगडं पाठीला चिकटलं. आमचं ऊन माणसाला वाळवतं, इथलं उकडतं. कांबळे नुसते हसले आणि कोकम सरबत पाजायला घेऊन गेले. नागपूरला कोकमाला कोणी विचारत नाही. मी तीन ग्लास प्यायले.

चाळ दुमजली, कौलारू. लाकडी कठड्याच्या लांब गॅलऱ्या, हिरव्या खिडक्या, प्रत्येक दारात पाण्याचं पिंप. बहुतेक कुटुंबं कोकणातली, पूर्वी गिरणीत कामाला. संपानंतर कोणी वॉचमन झालं, कोणी भाजी विकायला लागलं, पोरं अंधेरीच्या कारखान्यांत लागली. एका खोलीत सात, आठ, नऊ माणसं. आमच्याकडे उन्हाळ्यात अंगणात खाटा पडतात, इथे गॅलरी हेच अंगण, आणि कोणी कुठे झोपायचं हे इतकं ठरलेलं की अंधारातही कोणी कोणावर पाय देत नाही.

तीन दिवस मी गॅलऱ्या मोजल्या, कठड्याची नक्षी उतरवून घेतली, कौलांचा उतार मापला. येणारा-जाणारा विचारायचा, "काय होणार हितं?" मी म्हणायची, "इमारत." "कोणाची?" "रेल्वेची." भुयार, हवा, पंखे हे दर पाच मिनिटांनी कोण सांगणार? एवढं उत्तर सगळ्यांना पुरायचं. माणूस मान हलवून निघून जायचा, तर कधी आतून चहा यायचा. चहा इतका गोड की चमचा उभा राहावा. या लोकांचा स्वभाव प्रेमळ, असं मी वहीत लिहून ठेवलं.

शनिवारी चित्र पूर्ण झालं. स्वतःच्या तोंडाने सांगते, छान झालं होतं. पंख्यांचं घर कुठून ओळखू येऊ नये म्हणून मी त्याला चाळीचंच रूप दिलं होतं. तसंच कौलारू छप्पर, तशाच गॅलऱ्या, समोरच्या बाजूला चोवीस हिरव्या खिडक्या. खिडक्या अर्थातच खोट्या, मागे सलग भिंत. ओकंबोकं दिसू नये म्हणून पहिल्या मजल्यावरच्या एका खिडकीत तुळस काढली. कांबळे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, खिडक्या जरा जास्तच चांगल्या झाल्यात." मला ते कौतुक वाटलं. चाळीच्या मंडळाच्या फळ्यावर आम्ही चित्र लावलं, खाली लिहिलं, 'रेल्वेची नियोजित इमारत. सूचना असल्यास लिहाव्यात.'

जोगेश्वरी

रविवारी सुट्टी. कांबळ्यांनी मला जोगेश्वरीची लेणी दाखवली. त्यांच्या बायकोने ज्वारीची भाकरी आणि खरडा बांधून दिला होता. मुंबईत ज्वारीची भाकरी मिळाली म्हणून मला भरून आलं. लेणी जमिनीच्या पोटात, पायऱ्या उतरून जायचं. आत लांबच्या लांब दालन, अंधार, पण कोंदट अजिबात नाही. दोन्ही टोकांना आकाश उघडं ठेवलंय, त्यामुळे हवा आपली आपण वाहते. पंखा नाही की पंख्याचं घर नाही. मी खांबाला टेकून त्या झुळकीत बसले, उठावंसं वाटेना.

वरच्या खडकावर मात्र झोपड्या होत्या, थेट लेण्याच्या डोक्यावर. छतातून कुणाच्या तरी मोरीचं पाणी ठिबकत होतं. मला राग आला, तसं बोललेही. कांबळे भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "मॅडम, मुंबईत रिकामी जागा दिसली की माणूस पहिलं काय मनात आणतो, ठाऊक आहे? इथे किती जण राहतील." ते ऐकूनही माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

पुन्हा घाटकोपर

सोमवारी सकाळी फळ्यासमोर गर्दी. माझ्या चित्राखाली दुसरा कागद डकवला होता, सुबक अक्षरात, एक ते चोवीस आकडे आणि प्रत्येकापुढे नाव. मला वाटलं सूचना आल्या. मग वरचा मथळा वाचला. 'नवीन इमारतीतील खोल्यांचे वाटप.'

हळूहळू कळलं ते असं. रेल्वेची इमारत म्हणजे यांच्या लेखी राहायच्या खोल्या. खालून भुयार जाणार, चाळीला हादरे बसणार, त्याची भरपाई म्हणून रेल्वे खोल्या देतेय, असा सगळ्यांनी हिशोब लावला होता. रविवारी मंडळाची सभा भरली. त्यांनी माझ्या खिडक्या मोजल्या. चोवीस खिडक्या, चोवीस खोल्या. मग ज्यांच्या घरात माणसं जास्त ते आधी, ज्यांचं लग्न जागेपायी अडलंय ते त्यानंतर, आणि तळमजल्यावरची शेवटची खिडकी एका विधवेला, कारण तिला जिना चढवत नाही. सभेत आवाज चढला नाही म्हणे. माझ्या खोट्या खिडक्या त्या माणसांनी इतक्या न्यायाने वाटून घेतल्या होत्या की आम्हा सरकारी कामं करणाऱ्यांना ते जमलं नसतं.

यादी लिहिणारा विलास तावडे, अंधेरीला कारखान्यात फिटर. मला बघून म्हणाला, "मॅडम, झकास काम केलंत ना. चला, आईने बोलावलंय."

तावडे वरच्या मजल्यावर. आठ माणसं, एक खोली. तावडेकाका पूर्वी गिरणीच्या साच्याखात्यात, म्हणजे माग चालतात तिथे, कामाला होते, आता वॉचमन. मोजकं बोलतात. काकू पक्क्या मालवणी. त्यांनी मला पाटावर बसवलं आणि पुढ्यात बांगड्याची आमटी, भात, सोलकढी ठेवली.

"आमचा नशीब उघाडला तुमच्यामुळे," काकू म्हणाल्या. "माझ्या झिलाचा लगीन वरीसभर अडलेला. चेडवाचो बापूस म्हणा होतो, आधी जागा दाखवा. काल बोरिवलीसून इलो, चित्र बघल्यान, नि हो म्हणान गेलो."

मुलगी शोभा, वडील सावंत. विलासचं ठरलेलं लग्न जागेवाचून थांबलं होतं आणि माझ्या रंगपेटीने ते पुन्हा ठरवलं होतं. कांबळ्यांकडे पाहिलं, तर ते भातात बोट फिरवत बसलेले. मी ताट बाजूला सारलं आणि सांगून टाकलं, "काकू, त्या इमारतीत कोणी राहणार नाही."

"दुसऱ्यांका दिल्यानी?"

"कोणालाच नाही. आत पंखे असतील, भुयाराची हवा खेळवणारे. बाकी नुसत्या भिंती."

काकूंनी डोक्यावरच्या पंख्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "पंख्यांका तीन मजले?"

"हो."

"मगे ती तुळस कोणाची?"

वीस वर्षांत साहेबांनी, कंत्राटदारांनी माझे कितीतरी नकाशे फाडले, पण इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. विलास खाली मान घालून बसला. मग हळूच म्हणाला, "वाट लागली यार," आणि मी बसलेय हे लक्षात येऊन "सॉरी मॅडम" म्हणाला. सॉरी खरं तर मी म्हणायला हवं होतं.

तेवढ्यात तावडेकाका बोलले. "साच्याखात्यात खिडक्या होत्या, पण उघडायची बंदी. हवा सुकली की सूत तुटतं. पंचवीस वर्षं खिडकीकडे बघत घाम गाळला. या बाईंनी निदान खरं ते सांगितलं."

खाली जाऊन मी सगळ्यांना सांगितलं. कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. विलासने आपली यादी स्वतःच काढली, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवली. निघताना काकू जिन्यापर्यंत आल्या. "सावंतांका तुमीच सांगा," त्या म्हणाल्या. "चित्र तुमी काढलात."

बोरिवली

मंगळवारी संध्याकाळी आम्ही बोरिवलीला गेलो. काकू, विलास आणि मी. सावंतांचं घर पूर्वेला, जंगलाच्या बाजूने. तिथे चांगलाच गारवा होता. मुंबईत असंही गाव आहे हे मला ठाऊक नव्हतं. सावंत निवृत्तीला आलेले, चष्म्यावरून बघायची सवय. मी जेवढं घडलं तेवढं सांगितलं, माझी चूक माझ्या नावावर घेतली. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"तावडेबाई," ते शेवटी काकूंना म्हणाले, "मी बंगला मागितला नव्हता. नवरा-बायकोला पाठ टेकायला आडोसा मागितला होता. तोही नसेल तर मी हो कशाच्या जोरावर म्हणू?"

काकू पदराचं टोक पिळत राहिल्या. आतल्या दारात शोभा उभी होती. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी, बारीक चणीची मुलगी. तिने वडिलांना नाही, मला विचारलं, "मॅडम, त्यांची खोली वरच्या मजल्यावर आहे ना? मग कौलं उंच असतील. पोटमाळा नाही होणार?"

मी कोपऱ्यासमोरची चाळ तीन दिवस मापली होती. पुढची भिंत किती, छपराच्या मधला मोभ किती उंच, तोंडपाठ होतं. हे माझ्या मनात यायला हवं होतं, ते हिच्या आलं. "होईल," मी म्हणाले.

"पोटमाळा मला सांगू नका," सावंत म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "लग्नाआधी वाकोल्याला चार उन्हाळे काढलेत मी पोटमाळ्यावर. कौलांखाली माणूस भाजून निघतो. हवा म्हणून नाही. मुलीला तिथे चढवायचं नाही मला."

"हवा मी आणते," मी म्हणाले. नागपूरकरीण आहे, तोंडातून निघून गेलं. "रविवारपर्यंत थांबा."

"आणि आली की नाही, ते कोण ठरवणार?"

"तुम्ही ठरवा."

पोटमाळा

भुयाराच्या हवेसाठी मोठमोठी पुस्तकं आहेत. आठ माणसांच्या खोलीवरच्या फळ्यांसाठी एकही नाही. पण नियम तोच: खालून गार हवा यायला वाट हवी, वरून तापलेली जायला वाट हवी, आणि दोन्हींच्या मध्ये अडथळा नको. मी सांगितलं, पोटमाळा भिंतीला भिडवायचा नाही, गॅलरीच्या बाजूला एक वीत फट सोडायची. दारावर फळ्यांची झडप, दार लावलं तरी हवा आत येईल अशी. वर मोभाजवळची दोन कौलं उचलायची आणि पाऊस येऊ नये म्हणून त्यावर पत्र्याची टोपी. विलास कुरकुरला, "एक वीत म्हणजे ट्रंकेची जागा गेली ना मॅडम." काका म्हणाले, "ट्रंक श्वास घेत नाही," आणि करवत उचलली. चाळीतले दोघे-तिघे कामावरून आले की हात लावायचे. फळ्या कुठून आल्या ते मी विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारी मी वर चढले आणि उदबत्ती लावली. धूर वर जाईल, टोपीतून बाहेर पडेल, असं मला वाटत होतं. झालं उलटंच. धूर माझ्याच नाकात परत आला आणि मागोमाग शेजारच्यांच्या तळलेल्या बोंबलाचा वास. दुपारी मुंबईत वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो आणि टोपीचं तोंड मी नेमकं पश्चिमेला केलं होतं. बाहेर जायच्या वाटेनेच वारा आत घुसत होता. खोकत खाली उतरले तेव्हा कांबळे माझं मोठं चित्र उलगडून बसले होते. बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, इथेही तेच आहे."

कपाळाला हात लावला मी. पंख्यांच्या घराचं हवा सोडायचं तोंड मी पश्चिमेला काढलं होतं, त्या बाजूने चित्र डौलदार दिसत होतं म्हणून. वारा पश्चिमेचा आणि पूर्वेला चाळ. भुयाराची सगळी तापलेली हवा वर्षानुवर्षं या गॅलऱ्यांत आली असती, आणि माझं लक्ष गॅलरीची नक्षी जुळतेय का याकडे.

काकांनी टोपी फिरवली. दुसरी उदबत्ती लावली. धूर जरा घुटमळला आणि मग सरळ दोरीसारखा वर निघून गेला.

शनिवारी दिवसभर विश्रामगृहात बसून मी मोठं चित्र नव्याने काढलं. हवा सोडायचं तोंड उंच नेलं, टेकडीकडे वळवलं. खिडक्या एकूण एक काढून टाकल्या. खाली काळा दगड, वर विटांची जाळी आणि चिंचेच्या सावलीच्या बाजूला भिंतीलगत लांबलचक कट्टा. संध्याकाळी फळ्यावर लावलं आणि ठळक लिहिलं, 'पंख्यांचं घर. यात कोणी राहणार नाही.' तासाभरात खाली एक सूचना आली: 'कट्टा थोडा रुंद करा, झोपता आलं पाहिजे.' केला. तेच चित्र वर पाठवलंय. रेल्वे होईल तेव्हा होईल.

रविवार

सावंत एकटेच आले, आणि मुद्दाम दुपारी एकला आले. रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. काकूंनी सकाळपासून रांधलं होतं. कोंबडीवडे, आमटी, भात. पानं मांडलेली. सावंत म्हणाले, "तावडेबाई, जेवणाचं नंतर पाहू. आधी वर जाऊन येतो."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, धोतर सावरलं आणि शिडी चढले. वरून आवाज आला, "दार लावा. लग्न झाल्यावर दार लावूनच झोपतील ना." विलासने दार लावलं. फळ्या करकरल्या, ते आडवे झाले असावेत.

आम्ही खाली बसलो. काका, काकू, विलास, कांबळे, मी. धाकट्या मुलांना शेजारी पाठवलं होतं. पाहुणा उपाशी म्हणून पानाला कोणी हात लावेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. विलासचा शर्ट पाठीवर काळा पडला. माझ्या मनात नाही नाही ते येत होतं: टोपी फिरली तर, वारा पडला तर, म्हातारा वर भाजतोय आणि हट्टाने सांगत नाहीये तर. भुयाराच्या कामात चूक झाली तर फाइल परत येते. इथे काय परत येणार होतं ते विलासच्या रूपाने माझ्यासमोर भिंतीला टेकून बसलं होतं, नखं खात.

अर्ध्या तासाने कांबळे कुजबुजले, "मॅडम, वर जाऊन बघू का?" काकांनी हात वर करून थांबवलं. कान दिला. वरून घोरण्याचा आवाज येत होता. आधी बारीक, मग चांगला भरघोस.

काका भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसले. काकूंनी वड्यांवर ताट झाकलं. आमटी निवली. आम्ही पाच माणसं, भुकेलेली, एका माणसाची झोप राखत दीड तास बसलो. गॅलरीत कोणाची बादली वाजली तर विलासने दार किलकिलं करून नुसते हात जोडले.

तीन वाजायला आले तेव्हा फळी करकरली. शिडीवर आधी पाय दिसले, मग धोतर, मग विस्कटलेल्या केसांचे सावंत. खाली येऊन ते पाटावर बसले. मागे हात नेऊन स्वतःच्या सदऱ्याची पाठ चाचपली. ती कोरडी होती. पुन्हा एकदा चाचपली. मग खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला आणि काकूंकडे पाहिलं.

"विहीणबाई," ते म्हणाले, "वाढा आता. भूक लागली."

काकू आमटी गरम करायला उठल्या. स्टोव्ह पेटवायला त्यांना तीन काड्या लागल्या.